काय दिवे लावणार?

डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात, सरकारातल्या बऱ्याच वरच्या खुर्चीवरून एक सवाल आला होता. विषय होता पीएचडी करणाऱ्या मुलांच्या फेलोशिपचा, आणि सवालाचा आशय साधारण असा, की पीएचडी करून ही मुलं असे काय दिवे लावणार आहेत? गदारोळ झाला, नंतर दिलगिरीही व्यक्त झाली, पेपरवाल्यांना दुसरा विषय मिळाला. मला त्या वाक्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. कारण हेच वाक्य मी हापिसात, कँटीनच्या टेबलावर, आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. फक्त आमच्याकडे ते अर्धं इंग्रजीत असतं आणि त्यात 'आरओआय' हा शब्द असतो.

कुणाची तरी मामेबहीण सह्याद्रीतल्या बेडकांवर काम करत असते. कुणाचा तरी शाळेतला मित्र तिशी ओलांडली तरी 'अजून शिकतोय'. मग सुरू होतं. आपण टॅक्स भरायचा आणि यांनी बेडूक मोजायचे. त्यापेक्षा एआयमध्ये काहीतरी करा ना राव, देशाच्या कामाला तरी येईल. हे बोलणारी माणसं अडाणी नाहीत. चांगली इंजिनिअर आहेत, हुशार आहेत, पुस्तकं वाचतात. म्हणूनच राग येतो. पुढाऱ्याने बोललं तर सोडून देता येतं, आपल्याच जातकुळीतल्या माणसाने बोललं की टोचतं.

तर आज या वाक्याशी भांडायचंय. लेख लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोळी घेऊ. तुमच्या आई-बाबांना, काका-मावशीला, कुणाला तरी मधुमेह असणारच (पुण्यामुंबईतलं मध्यमवर्गीय घर आहे आणि मधुमेह नाही, असं घर मला अजून दिसायचंय). त्यांच्या गोळ्यांच्या डबीत हल्ली बऱ्याचदा डापाग्लिफ्लोझिन नावाची गोळी असते. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात तिचं पेटंट संपलं, डझनावारी कंपन्यांनी ती काढली आणि भाव धाडकन उतरला. ही गोळी करते काय, तर मूत्रपिंड रक्त गाळताना साखर परत शोषून घेतं, ते शोषणं अडवते. साखर लघवीवाटे बाहेर. नंतर लक्षात आलं की हृदय कमजोर झालेल्या आणि किडनीच्या पेशंटनाही तिचा फायदा होतो, अगदी मधुमेह नसला तरी.

आता ही गोळी आली कुठून? सुरुवात सफरचंदाच्या झाडाच्या सालीपासून. १८३५ मध्ये युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा एक कडू पदार्थ वेगळा केला. कडू म्हणजे तापावर चालेल, असा त्या काळचा हिशोब होता. तो फारसा चालला नाही. १८८६ मध्ये फॉन मेरिंग नावाच्या जर्मन डॉक्टरने दाखवलं की फ्लोरिझिन दिलं की लघवीत साखर उतरते. म्हणजे मधुमेह बरा करण्याचं सोडाच, याने तर मधुमेहासारखं लक्षण तयार होत होतं! पुढे कित्येक दशकं तो पदार्थ प्रयोगशाळेतलं एक हत्यार म्हणून राहिला. शरीरात साखर कशी हलते हे बघायचं असेल तर वापरा, नाहीतर कपाटात ठेवा.

मग १९६०. रॉबर्ट क्रेन नावाच्या अमेरिकन बायोकेमिस्टने प्राग शहरातल्या एका परिषदेत एक कल्पना मांडली. आतड्यातल्या पेशीत साखर एकटी शिरत नाही, सोडियमचा हात धरून शिरते. दोघांना एकच दरवाजा. याला काय करायचंय? काही नाही. पेशीचा दरवाजा कसा उघडतो, एवढाच प्रश्न होता.

त्याच्या एकच वर्ष आधी कलकत्त्यात शंभुनाथ डे नावाचा एक पॅथॉलॉजिस्ट सशांच्या आतड्याचे तुकडे बांधून त्यात कॉलऱ्याच्या जंतूंचं गाळलेलं पाणी टोचत होता. जंतू नाहीत, फक्त त्यांनी सोडलेलं पाणी. तरी आतडं फुगून आलं. म्हणजे कॉलरा माणसाला मारतो तो जंतूंनी सोडलेल्या विषामुळे, शरीरातलं पाणी आतड्यात खेचलं जातं म्हणून. कॉख साहेब कॉलऱ्याचा जंतू शोधायला त्याच कलकत्त्यात येऊन गेले त्याला तेव्हा पाऊणशे वर्षं झाली होती, आणि तेवढा काळ लोक ते विष भलतीकडेच शोधत होते. डे यांचं साहित्य म्हणजे ससा, दोरा आणि सिरिंज. १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये पेपर आला. लेडरबर्गसारख्या नोबेल विजेत्याने त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं. आपल्याकडच्या विज्ञान अकादम्यांनी मात्र त्यांना साधं सभासद करून घेतलं नाही. १९८५ मध्ये ते गेले. असो.

या दोन गोष्टी जोडून बघा. कॉलऱ्यात पाणी जातं, पण आतड्याचा तो साखर-सोडियमचा दरवाजा चालूच असतो. मग पाण्यात मीठ आणि साखर बरोबर द्या, दरवाजा उघडेल आणि मागोमाग पाणीही आत येईल. ओआरएस! ढाक्यात १९६८ मध्ये पेशंटवर हे सिद्ध झालं होतं, पण डॉक्टर मंडळींना सलाईनशिवाय चैन पडत नव्हतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धात निर्वासितांचे लोंढे सीमेवरच्या बनगावला आले, कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं आणि दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज कालवून पाजायला सुरुवात केली. पाजणारे बहुतेक पेशंटचे नातेवाईकच. शंभरातली जवळजवळ तीस माणसं मरत होती, ती चारच्या आत आली. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर तीन महिन्यांनी. (याबाबतीत आपण सातत्य राखून आहोत.)

आणि तोच दरवाजा, म्हणजे त्याच घराण्यातला मूत्रपिंडातला भाऊ, बंद करायचा म्हणून सफरचंदाच्या सालीतल्या त्या कडू पदार्थाच्या नमुन्यावर जे औषध बेतलं, ती बाबांच्या डबीतली गोळी. दरवाजा उघडा ठेवला तर हगवणीतलं मूल वाचतं, बंद केला तर मधुमेही. साल १८३५, गोळी २०१० नंतर. यात वनस्पतींचं रसायन आहे, जर्मन शरीरशास्त्र आहे, पेशीची भौतिकी आहे, कलकत्त्यातला ससा आहे आणि निर्वासितांच्या छावणीतलं पिंप आहे. यातल्या कुठल्या टप्प्यावर उभं राहून तुम्ही आरओआय काढणार होतात?

इथे हुशार वाचकाचा हात वर झालाच असेल. "जे चाललं तेच सांगतोयस. ज्या हजार साली कपाटात सडल्या त्यांचं काय?" बरोबर आहे. सडल्याच. माझा सगळा मुद्दा त्या हजार सालींचाच आहे. आपण दर महिन्याला एसआयपी करतो तेव्हा सगळे पैसे एका शेअरमध्ये टाकत नाही, कारण कुठला चालेल ते कळत नाही हे आपण मान्य केलेलं असतं. पन्नासातले वीस शेअर झोपले म्हणून फंड मॅनेजरला कुणी 'काय दिवे लावलेस' विचारत नाही. शहाणपणाची ही एवढी गोष्ट आपल्याला स्वतःच्या पैशाच्या बाबतीत कळते आणि देशाच्या पैशाच्या बाबतीत एकदम विसरायला होते. तिथे आपल्याला विनर आधीच निवडायचा असतो. आणि शेअर झोपला तर हातात काहीच राहत नाही. फसलेल्या संशोधनातून निदान मोजायला शिकलेला माणूस तरी बाहेर पडतो.

पण उपयोगाच्या या युक्तिवादावरच थांबायची माझी तयारी नाही. उपयोगाच्या गोष्टी ऐकवून संशोधनाची वकिली करणारे बरेच आहेत आणि त्यात एक फसगत आहे. त्यांनी समोरच्याचा नियम मान्य केलेला असतो, की शेवटी कधीतरी गोळी निघाली पाहिजे.

म्हणून आता पुण्याहून नाशिक रस्त्याला ऐंशी किलोमीटर. नारायणगावजवळ खोडद. टोमॅटो आणि द्राक्षांच्या शेतांमध्ये पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अवाढव्य डिश उभ्या आहेत. चौदा मध्यभागी गर्दी करून, बाकीच्या सोळा वाय आकारात दूर दूर, मिळून साधारण पंचवीस किलोमीटरचा पसारा. जीएमआरटी. मीटर लांबीच्या रेडिओलहरी पकडणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणींपैकी एक, आणि पुण्याच्या आयटीतली निम्मी जनता शिवनेरीला जाताना तिच्याजवळून जाते पण आत कधी गेलेली नसते.

इंजिनिअर म्हणून मला त्यातली डिश जास्त आवडते. लहर मीटरभर लांब असेल तर आरशाला गुळगुळीत पत्रा कशाला हवा? तारेची जाळी पुरते. मग गोविंद स्वरूप यांनी ताणलेल्या दोरांवर जाळी शिवून पंचेचाळीस मीटरची डिश उभी केली. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका, लोखंड कमी, पैसे कमी. हेच गृहस्थ त्याआधी उटीला एका डोंगराचा उतार शोधून बसले होते. उताराचा कोन त्या जागेच्या अक्षांशाएवढा, त्यामुळे त्यावर उत्तर-दक्षिण टाकलेली अर्धा किलोमीटर लांबीची दुर्बीण आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर. तिला एकाच दिशेने फिरवलं की आकाशातली वस्तू तासन् तास पकडून ठेवता येते. मोटरचं काम डोंगराने केलं! १९७० सालची गोष्ट. 'जुगाड' हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकलाय, नाहीतर इथे वापरला असता.

आणि या खोडदने केलं काय? एकच सांगतो. २०२० मध्ये पुण्यातल्या आणि बंगळुरातल्या शास्त्रज्ञांनी सात हजारांवर दीर्घिकांचे अतिशय क्षीण सिग्नल एकत्र करून, आठ अब्ज वर्षांपूर्वी दीर्घिकांमध्ये अणुरूप हायड्रोजन किती होता ते मोजलं. त्या काळानंतर विश्वात तारे जन्मायचं प्रमाण का घसरत गेलं, हा जुना प्रश्न होता. उत्तर असं निघालं, की तारे ज्याच्यापासून बनतात तो वायू त्या वेगाने फार दिवस पुरणाराच नव्हता.

याचा उपयोग? शून्य. आज नाही, माझ्या अंदाजाने पुढेही नाही. आणि मला हे अजिबात लाजत लाजत सांगायचं नाहीये. जुन्नर तालुक्यात बसून आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हिशोब लावता येतो, एवढं मला पुरतं. आपण किल्ले चढतो, गाणं ऐकतो, क्रिकेटवर अख्खे रविवार घालवतो, त्याचा आरओआय कुणी मागत नाही. मग माणसाच्या कुतूहलालाच दर वेळी पावती का लागते?

इथे खरी अडचण आहे ती वेगळीच, आणि ती लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. दुर्बिणीला शांतता लागते. रेडिओ शांतता. म्हणून आसपास कुठले कारखाने यावेत, कुठे मोबाईल टॉवर उभे राहावेत, यावर बंधनं आहेत. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग या भागातून जाणार होता, तो जीएमआरटीला अडथळा होईल म्हणून अडला आणि २०२५ मध्ये दुसऱ्या मार्गाची भाषा सुरू झाली. नारायणगाव-मंचरच्या माणसाने चिडून 'त्या छत्र्यांनी आम्हाला काय दिलं' असं विचारलं तर त्याचा प्रश्न कँटीनमधल्या प्रश्नासारखा नाही. तो किंमत मोजतोय. त्याला उत्तर देणं लागतं, आणि ते रेल्वेच्या बदल्यात ठोस काहीतरी देऊनच द्यावं लागेल, हायड्रोजनच्या गोष्टी सांगून नाही. हिंजवडीच्या एसीत बसून 'फुकटचा खर्च' म्हणणाऱ्याने मात्र या बाबतीत एक रुपयाचीही झळ सोसलेली नाही. त्याने जरा सबुरीने घ्यावं.

आता खोडदच्या बरोबर उलट टोकाला जाऊ. रायगडातलं महाड. १९७६ मध्ये हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणातला लाल विंचू चावलेली मुलं, शेतमजूर तिथे यायचे. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुफ्फुसात पाणी आणि खेळ खलास. दहातले चार जायचे. बावस्करांकडे ना लॅब, ना ग्रँट, ना गाईड. ते पेशंटच्या खाटेशी बसून लक्षणं टिपत राहिले, तासातासाने. त्या टिपणांतून १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख गेला. पुढे प्रॅझोसिन हे रक्तदाबावरचं साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. हाफकिनची विंचवावरची लस आली (लस म्हणजे प्रतिविष, पण गावात लसच म्हणतात), तेव्हा प्रॅझोसिनबरोबर ती दिली तर काय फरक पडतो याची त्यांनी महाडमध्येच रीतसर चाचणी घेतली. सत्तर पेशंट. बरं व्हायला सरासरी आठ तास, नुसत्या प्रॅझोसिनने जवळजवळ अठरा. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं.

हेही संशोधनच. आणि फलटणची मेंढीसुद्धा. तिथल्या निंबकरांच्या संस्थेने पाहिलं की आपली दख्खनी मेंढी एका वेळी एकच कोकरू देते, तर सुंदरबनातली गरोळे नावाची चिमुकली मेंढी जुळी-तिळी देते. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत जुळ्या-तिळ्यांचं हेच जनुक होतं, आणि ते बहुधा अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालहून तिकडे गेलेल्या मेंढ्यांतूनच आलं असावं. २००१ मध्ये ते जनुक नेमकं कुठलं ते सापडलं. फलटणने ते पिढ्यान् पिढ्या संकर करत दख्खनी मेंढीत उतरवलं, रक्ताच्या थेंबावरून कुठल्या कोकरात ते आलंय हे ओळखायची चाचणी पुण्याच्या एनसीएलच्या मदतीने बसवली आणि 'सुवर्णा' मेंढी धनगरांच्या कळपात नेली. तिथेही मजा आहे. जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. रानोमाळ फिरणाऱ्या कळपात तिळी कोकरं जगवणं अवघड, दोन झाली तर फायदा. म्हणजे प्रयोगशाळेचं यश कशाला म्हणायचं हे शेवटी धनगराच्या वाड्यावर ठरतं.

खोडद, महाड, फलटण. तिन्ही पुण्याहून गाडीने जेमतेम दोन-चार तासांवर. एकाला कोट्यवधी रुपये आणि तीस वर्षांचा धीर लागतो. दुसऱ्याला एक वही आणि रात्रीची झोप. तिसऱ्याला मेंढ्यांच्या पिढ्या, आणि मेंढीला तुमच्या तिमाहीचं काही पडलेलं नसतं. या तिघांना तुम्ही एकच फॉर्म भरायला लावणार? 'अपेक्षित निष्पत्ती: पहिले वर्ष, दुसरे वर्ष, तिसरे वर्ष'?

तर हो, लावतो आपण. आणि इथे मी त्या कँटीनवाल्यांच्या सगळ्यात जोरदार मुद्द्याकडे येतो, की भारतात संशोधनाच्या नावाखाली कचरा निघतो. निघतो! ढिगाने निघतो. चोरलेले प्रबंध, पैसे भरून छापून घेतलेले पेपर. यूजीसीने मे २०१८ मध्ये स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढून टाकली. स्वतःच्या यादीतून, म्हणजे आधी ती कुणीतरी घातली होती.

पण हा कचरा आला कुठून? २०१० च्या नियमांनी प्राध्यापकाची बढती गुणांवर आणली, इतके पेपर म्हणजे इतके गुण. सातारच्या कॉलेजात मराठी शिकवणारा, नाशिकात फार्मसी शिकवणारा आणि विद्यापीठातला भौतिकवाला, सगळ्यांना मापायला एकच फूटपट्टी. ज्याला उत्तम शिकवता येतं पण संशोधनात रस नाही, त्यालाही पेपर पाहिजे. मग पेपर पाडायचे कारखाने निघाले. आपण सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजावून सांगायला नको. कोडच्या ओळी मोजून पगार दिला की काय होतं हे आपल्यापैकी प्रत्येकाने बघितलंय. म्हणजे नाना प्रकारचं संशोधन करू दिलं म्हणून कचरा झाला हे निदानच चुकीचं आहे. सगळ्यांना एकाच मापात कोंबलं म्हणून तो झाला, आणि त्यावर उपाय म्हणून तुम्ही आणखी एक माप घेऊन आलायत, आरओआयचं.

पैशाचंही बोलू, कारण 'गरीब देशाला परवडतं का' हे येणारच. २०२०-२१ चा सरकारी आकडा आहे, संशोधनावर एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरिया पाचच्या. उधळपट्टी कुठाय? आपल्या ०.६४ मधला मोठा वाटा सरकारी खात्यांच्या प्रयोगशाळांचा, म्हणजे संरक्षण, अवकाश, अणू, शेती वगैरे. विद्यापीठं आणि कॉलेजं, जिथे तो नाना तऱ्हेचा बाजार भरायला हवा, त्यांच्या वाट्याला दहा टक्केसुद्धा येत नाहीत. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं, पाच वर्षांत पन्नास हजार कोटींची घोषणा झाली, पण त्यातले छत्तीस हजार कोटी उद्योग आणि देणगीदारांकडून यावेत अशी अपेक्षा. २०२५ मध्ये एक लाख कोटींची योजना आली, तीही मुख्यतः उद्योगांसाठी आणि जे तंत्रज्ञान प्रयोगशाळेत आधीच चालून दाखवलंय त्याच्या पुढच्या टप्प्यांसाठी. वाईट नाही. पण झाडाला फळ लागल्यावर पाणी घालणारे पुष्कळ मिळतात. सालीचं, सशाचं, खाटेशेजारच्या वहीचं कुणी बघायचं?

राहता राहिलं एआय. एआय मिशन, क्वांटम मिशन, सगळं हवं, माझं पोट त्याच क्षेत्रावर चालतं. पण 'सगळ्यांनी एआयच करा' म्हणणाऱ्यांनी एआयचा इतिहास वाचावा. १९६९ मध्ये मिन्स्की आणि पेपर्ट यांच्या पुस्तकाने न्यूरल नेटवर्कचा साधा प्रकार काय काय करू शकत नाही ते दाखवलं आणि लोकांनी तो रस्ताच सोडला. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये लाइटहिल यांचा अहवाल आला आणि एकूणच एआयचा पैसा आटला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस न्यूरल नेटवर्कवर काम करणं म्हणजे करिअरला लाथ मारणं होतं. अशा वेळी, २००४ मध्ये, कॅनडातल्या सीफार या संस्थेने जेफ्री हिंटन यांच्या पुढाकाराने या विषयातल्या मूठभर लोकांना एकत्र यायला थोडा पैसा दिला. फार मोठा नव्हे. इतर शहाणे ज्याला मेलेला घोडा म्हणत होते त्याला चारा घातला इतकंच. हिंटनना २०२४ मध्ये भौतिकीचं नोबेल मिळालं. तेव्हा कॅनडात कुणी 'सगळ्यांनी जे फॅशनमध्ये आहे तेच करा' म्हणून अडून बसला असता, तर आज तुम्ही ज्याच्याकडून कोड लिहून घेता तो प्रकार आला असता की नाही, आला असता तर कधी, कोण जाणे. आजचा मेलेला घोडा कुठला आहे? मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. मंत्र्यालाही नाही. कदाचित ती बेडूक मोजणारी मामेबहीणच त्याच्यावर बसली असेल.

आणि मोजू द्या की तिला बेडूक. बेडूक कुठे कमी झाले हे कळायला आधी ते किती होते हे कुणीतरी मोजून ठेवलेलं लागतं. ते मोजायची वेळ एकदाच येते. ती गेली की नंतर कितीही कोटींचं मिशन काढलंत तरी मागच्या पावसाळ्यातले बेडूक मोजता येत नाहीत.

आता या मुलांच्या हातात पडतं काय? केंद्राची ज्युनिअर फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना सदतीस हजार झाली. 'आमच्या फ्रेशरपेक्षा जास्तच की' म्हणाल. खरं आहे, पण फ्रेशरचा पगार महिनाअखेर खात्यात पडतो. फेलोशिप कित्येक ठिकाणी महिनोन् महिने रखडते, मग एकदम थकबाकी येते, मधल्या काळात भाडं मित्र भरतो. आणि राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी मुंबईत, पुण्यात उपोषणाला बसायला लागतं. ज्या हापिसात पगार दोन दिवस उशिरा झाला तर लिंक्डइनवर निबंध पडतात, तिथल्या माणसाने या मुलांना आरओआय विचारावा म्हणजे कमाल आहे.

तुमच्या कंपनीत सीएसआरचा पैसा कुठे जातो यावर कधी मतं मागवतात का बघा. आमच्याकडे मागवतात, आणि दरवर्षी वृक्षारोपण जिंकतं. सरकारी विद्यापीठांना आणि प्रयोगशाळांना संशोधनासाठी दिलेला पैसाही कायद्याने सीएसआरमध्ये बसतो, हे फॉर्म भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. या वर्षी ती ओळ लिहून तर बघा.

आणि २८ फेब्रुवारी मोकळी ठेवा. राष्ट्रीय विज्ञान दिन, खोडदला दुर्बीण लोकांसाठी खुली असते. आसपासच्या शाळांतली पोरं आपापले प्रयोग घेऊन येतात, जत्रा असते नुसती. सकाळी लवकर निघा, नारायणगावात मिसळ खा, डिशजवळ गेलात की फोन बंद ठेवा. तिथे एखादा पीएचडीवाला उन्हात उभा राहून शंभराव्यांदा तेच समजावत असेल. काय दिवे लावणार ते त्याला विचारू नका. या महिन्याची फेलोशिप आली का, एवढं विचारा.